क्रिप्टन का फुटला?

ज्या प्रश्नाच्या उत्तराने कोणाचे पोट भरत नाही, कोणाचा खटला निकालात निघत नाही आणि कोणाच्या मुलीचे लग्नही जमत नाही, अशा प्रश्नाचा विचार करण्यात घालविलेला वेळ फुकट गेला, असे व्यवहारी लोक मानतात. अध्यापनात जन्म घालविल्यामुळे म्हणा, आमचे मत याच्या नेमके उलट झाले आहे. उपयोगाच्या प्रश्नांची उत्तरे बहुधा विचारणाराच्या सोयीने निघत असतात. निरुपयोगी प्रश्नाची गोष्ट निराळी. त्याच्या उत्तरात कोणाचाच स्वार्थ गुंतलेला नसतो. म्हणून त्याच्या मागोमाग निमूटपणे चालत गेलेला मनुष्य कधीकधी अशा ठिकाणी जाऊन पोहोचतो, की जेथे जाण्याचे त्याच्या मनातही नव्हते. क्रिप्टन नावाचा ग्रह का फुटला, हा प्रश्न याच जातीचा आहे.

ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांचे मूल आहे, त्यांना क्रिप्टनची ओळख करून देण्याचे कारण नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. सुपरमॅन या नावाचा जो निळ्या अंगरख्याचा आणि तांबड्या उपरण्याचा वीर सचित्र मासिकांतून व चित्रपटांतून आकाशात उड्डाणे करीत असतो, तो मूळचा या पृथ्वीवरचा नव्हे. त्याचा जन्म क्रिप्टन या दूरच्या ग्रहावर झाला. विद्येने, यंत्रांनी व वैभवाने तो ग्रह संपन्न होता. तेथील जोर-एल नावाच्या शास्त्रज्ञास ग्रहाच्या पोटात काहीतरी भयंकर शिजत असल्याचा सुगावा लागला. त्याने ज्ञानवृद्धांच्या सभेपुढे आपले म्हणणे मांडले. सभेने ते हसण्यावारी नेले. अखेरीस ग्रह फुटण्याच्या घटकेस त्याने आपले तान्हे मूल एका लहानशा यानात घालून अवकाशात सोडून दिले. ते यान अमेरिकेतील एका शिवारात येऊन पडले, आणि एका शेतकरी जोडप्याने ते मूल आपले म्हणून वाढविले. पुढील पराक्रमांशी आम्हांस येथे कर्तव्य नाही.

हा प्रश्न आमच्यापुढे मांडला तो आमच्या एका भाच्याने. दिवाळीच्या सुटीत तो आमच्याकडे आला असता त्याने विचारले, ‘‘मामा, ते सगळे एवढे हुशार होते, मग त्यांना स्वतःचा ग्रह कसा वाचवता आला नाही?’’ विद्यापीठाच्या परीक्षेस बसणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांमध्ये एखाद्यास सुचेल असा हा प्रश्न होता. ‘ती गोष्ट आहे,’ एवढे म्हणून त्याची बोळवण करणे सोपे होते. परंतु लहान मुलांच्या प्रश्नांना असली उत्तरे देणारी वडील माणसेच पुढे सभांमध्ये बसतात, असा आमचा अनुभव आहे. आम्ही त्याच्याकडे एक दिवसाची मुदत मागितली आणि ग्रंथ चाळावयास बसलो.

प्रथम जी गोष्ट आमच्या ध्यानात आली ती ही, की क्रिप्टनच्या नाशाचे कारण एक नाही. १९३८ साली सुपरमॅनची पहिली कथा प्रसिद्ध झाली, तीत ग्रहास नावही नव्हते, आणि तो केवळ म्हातारपणाने नष्ट झाला, असे एका ओळीत सांगून लेखक मोकळा झाला होता. पिकले पान गळावे, तसा तो ग्रह गेला. पुढल्याच वर्षी वर्तमानपत्रांतून येऊ लागलेल्या चित्रमालेत त्यास क्रिप्टन हे नाव मिळाले आणि न ऐकणारी सभाही अवतरली. क्रिप्टन हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘गुप्त’ असा आहे. १८९८ मध्ये रॅम्से व ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी हवेतून एक दुर्मिळ वायू वेगळा काढला, त्याचेही नाव हेच. पुढे १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी ही शहरे अणुबाँबने बेचिराख झाली, आणि लागलीच १९४८ मधील कथेत क्रिप्टनच्या गाभ्यात युरेनियम निघाले! आता तो ग्रह म्हातारपणाने मरत नव्हता. तो एक प्रचंड अणुबाँबच होता. १९७८ च्या प्रसिद्ध चित्रपटात जोर-एल तीस दिवसांची मुदत सांगतो, आणि सभा म्हणते की ग्रहाची कक्षा थोडीशी सरकत आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. २०१३ च्या चित्रपटात तर असे दाखविले आहे, की ऊर्जेच्या हव्यासापायी क्रिप्टनच्या लोकांनी ग्रहाचा गाभाच उपसून काढला, म्हणून तो ढासळला.

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांपुढे आम्ही ही सर्व कारणे मांडली. त्यांनी कपाळास आठ्या घालून सांगितले, की यांपैकी एकाही कारणाने ग्रह फुटत नसतो. पृथ्वीएवढ्या गोळ्याचे तुकडे करून ते पुन्हा एकत्र येणार नाहीत इतके दूर भिरकावून द्यावयाचे, तर त्यास सूर्याची सुमारे आठवडाभराची सारी ऊर्जा खर्ची घालावी लागेल. युरेनियमविषयी म्हणाल, तर आफ्रिकेत गॅबन देशातील ओक्लो येथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील युरेनियम आपण होऊन पेटले होते. १९७२ मध्ये त्याच्या खुणा सापडल्या. परंतु तेथे स्फोट झाला नाही. झिरपणाऱ्या पाण्याच्या योगाने ती अणुभट्टी लाखो वर्षे मंद आचेवर रटरटत राहिली आणि विझून गेली. सारांश, ग्रह हे फार चिवट प्रकरण आहे. ‘‘मग क्रिप्टन का फुटला?’’ असे आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘तो प्रश्न तुमच्या विषयातला आहे, माझ्या नव्हे.’’

त्यांचे म्हणणे आम्हांस पटले. जे कारण दर पिढीस बदलते, ते खरे कारण नव्हेच. ज्या पिढीस ज्या गोष्टीचे भय वाटले, ती गोष्ट तिने क्रिप्टनच्या पोटात नेऊन ठेविली. एकीने अणुबाँब ठेविला, दुसरीने खाणी ठेविल्या. परंतु एक पात्र एकदा आले ते आजतागायत हललेले नाही: ती सभा! गाभ्यात काहीही असो, सभा तीच, तिचे हसूही तेच. कथाकारांच्या मते ग्रह युरेनियमने फुटतो की खाणींनी फुटतो, हा तपशिलाचा भाग. तो न ऐकल्यामुळे फुटतो, हे कथेचे सार.

हे सार कोठून आले, याचा विचार करिताना मूळ कथाकारांची ओळख करून घ्यावी लागते. जेरी सीगल व जो शुस्टर हे दोघे क्लीव्हलँड शहरातील यहुदी निर्वासितांच्या घरांत वाढलेले तरुण, १९३८ साली अवघे तेवीस वर्षांचे. त्यांचे आईबाप युरोप मागे टाकून आले होते, आणि जो मुलूख मागे टाकला तेथे परत जाण्याची वाट दिवसेंदिवस बंद होत होती. त्यांनी हे सर्व मनात धरून कथा रचिली, असे आमचे म्हणणे नाही. कथा रचताना कोणाच्या मनात काय असते हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. परंतु त्याच वर्षाचा इतिहास पाहावा. जुलै महिन्यात फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस राष्ट्रांची सभा भरली. हिटलरच्या राज्यातून जीव घेऊन निघू पाहणाऱ्या यहुद्यांना कोणी थारा द्यावा, हा प्रश्न होता. सर्वांनी हळहळ व्यक्त केली आणि बहुतेकांनी दारे लावून घेतली. डिसेंबरात त्या अभागी लोकांपैकी काहींनी आपली मुले आगगाडीत बसवून इंग्लंडला परक्यांच्या घरी धाडण्यास आरंभ केला. युद्ध पेटेपर्यंत अशी सुमारे दहा हजार मुले गेली. त्यांच्यापैकी पुष्कळांना आईबाप पुन्हा दिसले नाहीत. ज्या यानात जोर-एलने मूल घातले, त्यास इतिहासात आगगाडीचा डबा म्हणतात.

मूल पेटीत घालून सोडून देण्याची कल्पना आम्हांस नवी नाही. कुंतीने कर्णास पेटीत घालून अश्वनदीत सोडले, ते वाहत वाहत गंगेच्या काठी सूताच्या घरी वाढले. नगरीच्या विनाशाची कथाही आमच्याकडे आहे. परंतु तिची मांडणी पाहा किती भिन्न! द्वारका बुडाली ती श्रीकृष्णाच्या जन्माआधी नव्हे, त्याच्या निर्वाणानंतर. तिच्या नाशाचे कारण पाताळात नव्हते. ते यादवांच्या उन्मत्तपणात होते. सांबाच्या पोटचे मुसळ त्यांनी कुटून समुद्रात फेकले, आणि त्याचीच एरका नावाची लव्हाळी होऊन किनाऱ्यावर उगवली; तिनेच त्यांनी एकमेकांस मारिले. समुद्र आला तो मागाहून. आमच्या पुराणकाराने संकट आणि अपराध यांची गाठ इतकी घट्ट बांधली आहे, की कोणी सावध केले असते तरी यादव वाचले असते, असे वाटतच नाही. अमेरिकन कथाकार आशावादी: सभेने ऐकले असते, तर सारे वाचले असते! या दोहोंपैकी खरे कोण, याचा निर्णय पुस्तकांत लागण्यासारखा नाही. तो लावण्यासाठी जमीन पायाखाली हलावी लागते. आणि ती सोय, दैवाची कृपा म्हणा की अवकृपा, कऱ्हाडच्या रहिवाशांस घरबसल्या आहे.

आमचे गाव कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसले आहे. दोन्ही नद्या समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून त्यास प्रीतिसंगम म्हणतात. यांपैकी कोयनेस वर, येथून पन्नास-साठ किलोमीटरांवर, पाटण तालुक्यात १०३ मीटर उंचीचे धरण आहे. त्याच्या शिवसागर जलाशयात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते, आणि पोफळीच्या बाजूस डोंगराच्या पोटातून ते पाणी पश्चिमेकडे सोडून वीज काढतात. जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला, आणि त्याच्या पाठोपाठ आसपासच्या जमिनीत लहान लहान कंप होऊ लागले. सप्टेंबर १९६७ मध्ये एक चांगला मोठा धक्का बसला. त्याच साली ११ डिसेंबरला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी ६.३ प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगरची घरे कोसळली. सुमारे एकशे ऐंशी माणसे मृत्युमुखी पडली. धरणाच्या भिंतीस आडवे तडे गेले, पण भिंत उभी राहिली. ती पडली असती, तर आमच्या गावाचे काय झाले असते, हे सांगावयास जोर-एलची आवश्यकता नाही.

त्या पहाटेनंतर काही वर्षांनी आमचा जन्म झाला; परंतु आमच्या मातुःश्रींनी ती इतक्या वेळा सांगितली, की ती आम्ही पाहिल्यासारखीच वाटते. फळीवरची पितळी भांडी एकामागून एक खाली आली. गोठ्यात गाय दावे तोडू लागली. सारी आळी थंडीत घोंगड्या गुंडाळून रस्त्यावर उभी राहिली, आणि पश्चिमेकडे तोंड करून पाण्याचा आवाज येतो की काय, हे ऐकत राहिली. उजाडेपर्यंत कोणी बोलले नाही. ‘‘त्या दिवशी शेजारपाजारचं भांडण सुद्धा मिटलं होतं,’’ असे त्या शेवटी म्हणत.

येथे सभा कोठे होती? हा प्रश्न आम्ही पुष्कळ वेळ मनाशी घोळविला. दख्खनचे पठार हे अत्यंत स्थिर व निश्चल भूखंड होय, असे त्या काळचे भूशास्त्र सांगत असे. म्हणून धरणाचे गणित करिताना गुरुत्वाच्या पाच शतांश इतकेच भूकंपाचे आडवे बळ धरले होते. त्या पहाटे धरणातील उपकरणाने नोंदविले ते त्वरण त्रेसष्ट शतांश होते. जगात इशारे नव्हतेच असेही नाही. अमेरिकेतील हूव्हर धरणाचा जलाशय भरताना १९३० नंतरच्या दशकात जमीन हलली होती. आफ्रिकेतील करिबा येथे १९६३ मध्ये हलली होती. परंतु या गोष्टी चार देशांतील चार नियतकालिकांत विखुरलेल्या होत्या. पाण्याने भूकंप होतो, हे ठामपणे सांगणारा जोर-एल तेव्हा कोठेच नव्हता. त्याच्या अंगचा खरा चमत्कार दूरदृष्टी हा नव्हे, निःशंकता हा होय! क्रिप्टनवर एकास सर्व ठाऊक होते आणि इतरांस ऐकावयाचे नव्हते. पृथ्वीवर बहुधा असे असते, की पुष्कळांस थोडे थोडे ठाऊक असते, आणि त्या थोड्याथोड्याची बेरीज करणारा कोणी नसतो. या अर्थी अमेरिकन कथा आम्हांस अपुरी वाटते.

परंतु दुसऱ्या एका अर्थी ती आमच्याविषयीच लिहिलेली आहे. आमच्या लहानपणी महिन्या-दोन महिन्यांनी रात्री भांडी खणखणत, खिडक्यांची तावदाने थरथरत, आणि घरातील कोणीतरी झोपेतच ‘कोयना’ एवढे म्हणून कूस बदली. पाहुणे दचकून उठून बसत. आम्ही त्यांना हसत असू. त्या हसण्यात आम्हांस एक प्रकारचा गावाभिमान वाटे. आज विचार करिता असे वाटते, की जोर-एलला हसणारी सभा ही दुष्टांची वा मूर्खांची सभा नसावी. क्रिप्टनवर लहान लहान हादरे पूर्वीपासून बसत असतील. प्रत्येक हादऱ्यानंतर ग्रह जागच्या जागी राहिलेला त्या वृद्धांनी डोळ्यांनी पाहिला असेल. शंभर वेळा काही झाले नाही, तेव्हा एकशे एकाव्या वेळीही होणार नाही, हे तर्कशास्त्र पुस्तकात चुकीचे असले, तरी अंथरुणात फार सुखाचे असते. संकटाची जी सवय होते, तिलाच आपण अनुभव असे भारदस्त नाव देतो. १९९३ मध्ये लातूर जिल्ह्यातील किल्लारीस काय झाले, ते आठवावे. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तेथे धक्के बसत होते. लोक घाबरले, काही दिवस घराबाहेर निजले, आणि पुढे पुन्हा घरात निजू लागले. गणपती विसर्जन करून लोक झोपले असता ३० सप्टेंबरच्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या, आणि हजारो माणसे गेली. त्यांना सवयीने मारिले, असे आम्ही म्हणणार नाही. गरिबाला घर बदलणे ही सवयीची बाब नसते. परंतु इशारा मिळणे आणि इशाऱ्याचा उपयोग करण्याची ऐपत असणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हे क्रिप्टनच्या कथेत कोठेच सांगितलेले नाही.

कथेत आणखीही एक गोष्ट सांगितलेली नाही. क्रिप्टन एका चित्रचौकटीत फुटतो. पान उलटले की तो नाही. कोयनेच्या खोऱ्यातील सुमारे शंभर गावांचा शेवट असा झाला नाही. तेथे सभा भरली होती, आणि तिने ऐकूनसवरून, पूर्ण विचारान्ती, नकाशावर रेघ ओढून निर्णय केला होता. गावे बुडाली ती पायरीपायरीने: आधी खालची शिवारे, मग देऊळ, मग वरची आळी. माणसे सोलापूर, सांगली, रत्नागिरी, कुलाबा, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगली, आणि त्यांच्या तिसऱ्या पिढीसही आपल्या हक्काच्या जमिनीसाठी धरणे धरून बसावे लागले. ज्या दिव्याच्या उजेडात आम्ही हे लिहीत आहो, त्यात त्या गावांचा अंश आहे. २०१३ च्या चित्रपटात ऊर्जेसाठी ग्रहाचा गाभा उपसणारे क्रिप्टनवासी पाहून प्रेक्षक त्यांची कीव करितात. चित्रपटगृहातील वीज कोठून येते, याचा विचार आम्ही तरी कोणास करिताना पाहिले नाही. धरण बांधू नये होते, असे आमचे म्हणणे नाही. त्या विजेवर कारखाने चालले, शाळा उजळल्या, आणि आमच्यासारख्यांस शिकता आले. परंतु एकाचा ग्रह फुटतो तेव्हाच दुसऱ्याच्या घरी दिवा लागतो, हा हिशेब मांडून ठेवावयास हवा. सुपरमॅनला निदान त्याचा ग्रह गेल्याचे दुःख जगाने मान्य केले. बुडालेल्या वेशीच्या दिशेने हात जोडणाऱ्या म्हातारीस तेवढेही लाभत नाही.

आता क्रिप्टनहून आम्ही ज्या एका बाबतीत निश्चित भाग्यवान आहो, तिच्याविषयी सांगितले पाहिजे. १९६७ नंतर कोणी यानात बसून पळाले नाही. धरणाच्या भिंतीस मागील बाजूने काँक्रीटचा आधार देऊन ती बळकट करण्यात आली. भूकंपमापक यंत्रांचे जाळे विणले गेले. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आपल्या आयुष्याची अनेक दशके या एवढ्याशा मुलखाच्या अभ्यासात घालविली. त्यातून जे उमगले ते असे: भारताचा भूखंड उत्तरेकडे रेटा देत असल्यामुळे येथील खडकांत ताण आधीच साठलेला आहे. जलाशयाचे पाणी आपल्या वजनाने दाब देते, आणि त्याहूनही विशेष म्हणजे भेगांतून खोल झिरपून खडकांच्या दोन पृष्ठांमधील घर्षण कमी करिते. जो ताण कदाचित पुष्कळ काळाने मोकळा झाला असता, तो आज मोकळा होतो. म्हणजे पाणी भूकंप जन्मास घालीत नाही, त्याची वेळ अलीकडे आणते. पावसाळ्यात जलाशय भरला की धक्के वाढतात. १९८५ पासून दक्षिणेस वारणेचे धरण भरू लागले, तेव्हा धक्क्यांचे क्षेत्रही तिकडे सरकले. तरीही सारा प्रकार सुमारे तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद इतक्याच टापूत घडतो. जगात असे सोयीचे भूकंपक्षेत्र क्वचितच सापडेल!

या अभ्यासासाठी केंद्र सरकारच्या भूविज्ञान खात्याची एक प्रयोगशाळा कऱ्हाडात आहे, हे आमच्याच गावातील पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसते. या मंडळींनी कोयना-वारणेच्या प्रदेशात गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र पाडिले; ते काम २०१७ मध्ये पुरे झाले. वरचा सव्वा किलोमीटर काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळून थंड झालेला लाव्हा. त्याखाली त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइटी खडक. जोर-एलने वर पाहिले आणि यान बांधिले. यांनी खाली पाहिले आणि छिद्र पाडिले. भूकंप केव्हा होईल, हे ते सांगू शकत नाहीत, आणि सांगू शकतो असा आवही आणीत नाहीत. गुप्त ते हळूहळू उघडे करावयाचे, एवढाच त्यांचा धंदा. क्रिप्टन या शब्दाचा अर्थ ज्यास ठाऊक आहे, त्यास त्यांच्या कामाचे मोल निराळे सांगावयास नको.

तेव्हा क्रिप्टन का फुटला? आमच्या समजुतीप्रमाणे तो अज्ञानाने फुटला नाही, आणि पापानेही नाही. तेथील शहाण्यांनी ज्ञान एका माणसाच्या डोक्यात राहू दिले. ते खाली उतरून गवंड्याच्या ओळंब्यात, शाळेच्या धड्यात, आणि बायकांच्या फळीवरील भांडी ठेवण्याच्या रीतीत आले नाही. सभेने ऐकले असते तरी काय झाले असते? ठराव झाला असता. ठरावाने भिंती बळकट होत नाहीत.

काही वर्षांपूर्वी आम्ही लहानसे घर बांधावयास काढिले. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींना सलग बांधणारा, आत सळया असलेला काँक्रीटचा पट्टा घालावा, म्हणजे धक्क्यात भिंती एकमेकींना सोडून जात नाहीत, असे आम्ही वाचले होते. गवंड्यास तसे सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘सर, कोयनेचं धक्कं रोजचंच हायती की. आमच्या आज्यापासनं बांधतोय आम्ही, एक भिंत पडली न्हाई. उगं कशाला खर्चात पडताय?’’ मनुष्य अनुभवी होता, प्रामाणिक होता, आणि आमच्याच हिताचे बोलत होता. क्रिप्टनच्या सभेतील वृद्धांचे चेहरे कसे असतील, ते आम्हांस त्या वेळी प्रथमच नीट दिसले. आम्ही त्यास चहा पाजिला, कागदावर चित्र काढून दाखविले, आणि तीन दिवसांनी तो पट्टा पडला. घराच्या खर्चात त्याची वाढ नजरेत भरण्याजोगी नव्हती. त्यानंतर त्याच गवंड्याने पलीकडच्या आळीत दोन घरे बांधिली. त्या दोन्ही घरांस पट्टा आहे, आणि तो घालण्याची कल्पना आपलीच, असे तो मालकांस सांगतो. आम्ही ते कधी नाकारीत नाही.